बंदुकीवर दुर्बीण बसवावी काय?

(पीकरक्षणाची बंदूक घरी असलेल्या आणि ती घेऊ इच्छिणाऱ्या शेतकरी कुटुंबांसाठी)



कुही, उमरेड, भिवापूरकडची मंडळी महालातल्या बुधवार बाजारात खरेदीला आली की ओळखीचा माणूस पाहून दोन शब्द बोलायला थांबतात. पूर्वी बोलणे बियाण्याचे, खताचे आणि फवारणीचे असे. अलीकडे पहिला विषय निघतो तो रानडुकराचा आणि रोह्याचा. त्यात आता एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. घरातील तरुण मुले मोबाईलवर परदेशी बंदुकांची चित्रे पाहतात. त्यांत एक आखूड बंदूक असते. ती मधोमध दुमडते आणि पिशवीत मावते. तिला एकावर एक अशा दोन नळ्या असतात, एक गोळीची आणि एक छऱ्याची. वर छोटी दुर्बीण बसवलेली असते. मग विचारणा होते, "साहेब, अशी बंदूक आपल्याले भेटंन का जी? नाही तं घरच्या बारा बोअरले दुर्बीण बसवली तं डुक्कर दुरूनच टिपता येईन ना?"

प्रश्न रास्त आहे. ज्याने पोटच्या पोरासारखा वाढवलेला हरभरा एका रात्रीत उकरलेला पाहिला आहे, त्याला कोणताही उपाय करून पाहावासा वाटणारच. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो आणि कारणे मागाहून देतो. ती दुनळी बंदूक आपल्या कामाची नाही. बारा बोअरवर दुर्बीण बसवून फायदा थोडा आणि धोका मोठा आहे. दुर्बीण जरूर घ्यावी, पण ती गळ्यात अडकवण्याची घ्यावी, बंदुकीवर बसवण्याची नव्हे. असे का, ते आता पाहू.

ही बंदूक निघाली कोणासाठी?

एकाच दस्त्यावर गोळीची आणि छऱ्याची अशा दोन्ही नळ्या बसवण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीतील शिकारी तीन नळ्यांची बंदूक फार पूर्वीपासून वापरत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानदलाने आफ्रिकेच्या वाळवंटावरून उडणाऱ्या वैमानिकांना तशीच बंदूक दिली होती. तिच्या दोन नळ्या बारा बोअरच्या छऱ्याच्या होत्या आणि तिसरी गोळीची होती. १९५० नंतरच्या काळात अमेरिकेच्या विमानदलाने एम-६ नावाची दुमडती बंदूक काढली. तिची वरची नळी पॉइंट बावीस गोळीची आणि खालची पॉइंट चारशे दहा छऱ्याची होती. नळ्यांची लांबी फक्त १४ इंच होती. काडतुसे दस्त्यातच ठेवण्याची सोय होती. थंडीत जाड हातमोजे घालूनही दाबता यावा म्हणून चाप लांब पट्टीसारखा केला होता.

रशियाची गोष्ट तर याहून गमतीची आहे. मार्च १९६५ मध्ये अलेक्सी लिओनोव्ह हे अंतराळात यानाबाहेर पडणारे पहिले मानव ठरले. परत येताना त्यांचे यान ठरलेली जागा सोडून दूर बर्फाळ जंगलात उतरले. लांडगे आणि अस्वले असलेल्या त्या रानात दोघा अंतराळवीरांना दोन रात्री काढाव्या लागल्या. पुढे रशियाने अंतराळवीरांसाठी तीन नळ्यांची एक खास बंदूक तयार केली. १९८६ पासून सुमारे वीस वर्षे ती यानातून नेली जात होती.

या सर्व बंदुकांमागचा विचार एकच आहे. माणूस एकटा निर्जन जागी अडकला, तर ससा किंवा पाखरू मारून त्याने पोट भरावे आणि सुटका होईपर्यंत जगावे. म्हणून एम-६ सारखी बंदूक हलकी, आखूड आणि कमी ताकदीची असते. आपल्या धुऱ्यावर गरज नेमकी उलटी आहे. आपल्यापुढे ससा नसून मोठे रानडुक्कर असते आणि आजूबाजूला निर्जन रान नसून शेजाऱ्याची जागल असते. पॉइंट बावीसच्या साध्या गोळीचे वजन अडीच ग्रॅमच्या आसपास असते. तिने रानडुक्कर जागीच पडत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर तुरीत शिरून बसते, आणि सकाळी तूर पाहायला गेलेल्या बाईमाणसावर धावून येते. ज्या हत्याराने जनावर नीट मरत नाही आणि माणूस मात्र मरू शकतो, ते हत्यार शेतीच्या कामाचे नव्हे.

कायदा काय सांगतो?

परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास आपल्या देशात १८७८ च्या कायद्यापासून मनाई आहे. सध्या १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे. त्याच्या १३ व्या कलमात पीकरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे आपण जिला भरमार म्हणतो तिचा, परवाना देण्याची त्यात तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मंजूर करता येते. मात्र तिची नळी २० इंचांपेक्षा कमी असता कामा नये. बारा बोअरची काडतुसाची बंदूक या वर्गात मोडते.

आता ती चित्रातील बंदूक या मापाने मोजून पाहा. तिची एक नळी आट्यांची, म्हणजे रायफलीची आहे, आणि लांबी २० इंचांपेक्षा कमी आहे. पीकरक्षणाच्या तरतुदीत ती बसतच नाही. परवान्यावर ज्या प्रकारची बंदूक लिहिली असेल तीच परवानाधारक विक्रेत्याकडून घेता येते. मोबाईलवर चित्र दिसले म्हणून ती वस्तू टपालाने घरी मागवता येत नाही. कोणी चोरून आणून देतो म्हणाला, तर त्याला दारात उभे करू नये.

काही जण म्हणतात, "घरच्याच बंदुकीची नळी कापून आखूड केली तर?" तसे कदापि करू नये. परवान्याशिवाय नळी आखूड करणे हा त्याच कायद्याच्या ६ व्या कलमाचा भंग आहे. बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार करण्यासाठीही कारागिराला वेगळा परवाना लागतो. गावातील वेल्डिंगच्या दुकानात नळीला भोक पाडून दुर्बिणीची बैठक बसवून घेणे बेकायदेशीर आहे. शिवाय ते जिवावर बेतणारे आहे. बार उडताना नळीत प्रचंड दाब निर्माण होतो. भोक पाडून किंवा तापवून कमजोर झालेली नळी त्या दाबाने फुटते, आणि फुटते ती धरणाऱ्याच्या डाव्या हातात व तोंडासमोर.

परवान्याबाबत आणखी थोडे सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षे झाली आहे आणि एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. नागपूर शहरात, म्हणजे महालात राहणाऱ्यालाही, पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो. ग्रामीण भागात तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघाला, तर जमा करून पावती जपून ठेवावी.

दुर्बीण बसवतात कशी?

काम समजून घेतल्याशिवाय त्याचे गुणदोष कळत नाहीत. म्हणून दुर्बीण बसवण्याची रीत थोडक्यात देतो. रायफलीवर हे काम परवानाधारक कारागीर असे करतो.

प्रथम बंदूक उघडून सर्व नळ्या रिकाम्या आहेत याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करतात. नंतर बंदुकीवर एक धातूची बैठक स्क्रूने बसवतात. बैठकीवर दोन कडी येतात आणि कड्यांत दुर्बिणीची नळी बसते. ही नळी बहुधा एक इंच किंवा ३० मिलिमीटर जाडीची असते. बैठक आणि कडी तिच्याच मापाची हवीत. मधे पत्रा किंवा सुतळी घालून भागवण्याचा हा प्रकार नाही.

दुसरी गोष्ट डोळ्याच्या अंतराची. साध्या दुर्बिणीत डोळा मागच्या भिंगापासून तीन ते चार इंच दूर ठेवावा लागतो. अंतर कमी पडले तर बार उडताच बंदूक मागे येते आणि दुर्बिणीची कड भुवईवर आदळून रक्त निघते. बारा बोअरचा धक्का मोठा असतो हे ज्याने खांद्याला लावून पाहिली आहे त्याला सांगायला नको. आखूड दुनळीत तर आणखी अडचण आहे. ती मधोमध उघडते, त्यामुळे दुर्बीण नळीवरच पुढे बसवावी लागते. मग जवळून पाहण्याची साधी दुर्बीण चालत नाही, लांबून पाहण्याची खास दुर्बीण लागते.

तिसरी गोष्ट सरळपणाची. दुर्बिणीत उभी-आडवी रेघ असते. गवंडी जसा भिंतीला ओळंबा लावतो, तशी दूरवर ओळंब्याची दोरी टांगून उभी रेघ तिच्याशी जुळवतात. रेघ कलली तर अंतर वाढेल तशी गोळी बाजूला जाते.

चौथी गोष्ट नेम जुळवण्याची. उघडणाऱ्या बंदुकीत मागून नळीतून आरपार पाहता येते. २५ वारांवर पांढरा ठिपका लावून तो आधी नळीतून मधोमध आणतात आणि मग दुर्बिणीची रेघ त्यावर आणतात. वार म्हणजे आपल्या नऊवारी लुगड्याचाच वार, तीन फुटांचा. ही झाली कच्ची जुळणी. पक्की जुळणी गोळी झाडूनच होते. ती मान्यताप्राप्त मैदानावरच करावी लागते, शेतात नव्हे. वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून तीन गोळ्या झाडतात, त्यांचा मध्य पाहतात आणि दुर्बिणीवरील चकती फिरवतात. पुष्कळ दुर्बिणींत चकतीचा एक खटका १०० वारांवर पाव इंच नेम सरकवतो. २५ वारांवर तोच खटका इंचाचा सोळावा भागच सरकवतो. म्हणजे २५ वारांवर गोळी एक इंच चुकत असेल, तर १६ खटके फिरवावे लागतात.

इतके करून झाले की काम संपले असे नाही. मोटारसायकलवर, बैलगाडीत हादरे बसले की स्क्रू सैल होतात आणि नेम हलतो. हलक्या प्रतीच्या दुर्बिणीत पावसाळ्यात आत वाफ धरते. पुन्हा जुळवायचे तर पुन्हा मैदान, पुन्हा काडतुसे आणि पुन्हा खर्च.

दोन नळ्या, एक दुर्बीण

दुनळीची एक मूळ अडचण आहे, ती कोणताही कारागीर दूर करू शकत नाही. दोन नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, पण दोघींचा मार नेमका एकाच ठिकाणी जात नाही. दुर्बीण एका वेळी एकाच नळीशी जुळते. गोळीच्या नळीशी जुळवली की छऱ्याचा मार कोठे पडतो ते वेगळे तपासून चिठ्ठीवर लिहून ठेवावे लागते. एका नळीतून चार-सहा बार काढले की ती तापते, दुसरी थंड राहते, आणि नेम पुन्हा थोडा सरकतो. दिवसा, निवांत, टेकून बसलेल्या शिकाऱ्याला हा हिशेब जमेल. रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेतून उठून, थरथरत्या हाताने तो जमत नाही.

बारा बोअरला दुर्बीण का नको?

आता आपल्या घरच्या बंदुकीकडे वळू. बारा बोअर हे नाव कशावरून पडले? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जिच्यात बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. तिचे तोंड साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास असते. खडकीच्या कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसे या बंदुकीत वापरणारे जुने लोक पुष्कळ आहेत.

छऱ्याचे काडतूस उडाले की छरे पसरत जातात. मोकळ्या नळीचा मोटा हिशेब असा की दर वाराला सुमारे एक इंच पसारा वाढतो. ३० वारांवर तो सुमारे अडीच फुटांचा होतो. ३५-४० वारांपलीकडे छरे इतके विरळ होतात की जनावर मरत नाही, जखमी होऊन पळते. म्हणजे ही बंदूक मुळातच जवळच्या कामाची आहे. इतक्या अंतरावर जनावर नुसत्या डोळ्याला दिसते आणि नळीच्या टोकावरची माशी पुरते. दुर्बीण बसवल्याने छऱ्याचा पल्ला एक वारानेही वाढत नाही. फक्त दूरचे जवळ दिसू लागते. मग माणूस ८० वारांवर बार काढतो आणि काडतूस वाया घालवतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दुर्बीण जितके मोठे दाखवते, तितकाच पाहण्याचा घेर लहान करते. चौपट दाखवणाऱ्या दुर्बिणीतून १०० वारांवर साधारण ३० फुटांचा घेर दिसतो. म्हणजे २० वारांवर घेर राहतो तो फक्त ६ फुटांचा, दोन्ही हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसाएवढा. डुक्कर त्या घेरात आहे. पण त्याच्या बाजूला आठ फुटांवर बॅटरी विझवून कोणी उभा असेल, तर तो घेरात नाही. दुसरा डोळा आपण मिटलेला असतो.

खरा धोका ओळखीचा

२०२५ साली पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. अंधारात हालचाल दिसली, बार झाला, आणि गोळी त्यांच्याच सोबत्याला लागून तो मरण पावला. एका गावचे, एकमेकांना ओळखणारे लोक होते. नेम चुकला नव्हता, ओळख चुकली होती. अशा प्रसंगी मारणाराचे घर आणि मरणाराचे घर, दोन्ही बुडतात.

बंदुकीवरच्या दुर्बिणीचा सर्वांत मोठा दोष इथेच आहे. "तिकडे काय हलते आहे?" हे तिच्यातून पाहायचे म्हणजे भरलेली बंदूक तिकडे रोखावी लागते. म्हणजे ओळख पटण्याआधीच नळी माणसावर धरली जाऊ शकते. चापावर बोट असते, मनात डुक्कर असते, आणि मनात असते तेच डोळ्याला दिसते. म्हणून नियम असा करावा की आधी ओळख आणि मग बंदूक खांद्याला. ओळखण्याचे साधन आणि मारण्याचे साधन वेगवेगळे असावे.

आपल्याकडे रात्री रानात कोण कोण असते याची यादी करून पाहा. शेजारचा जागल्या असतो. विजेचा पंप सुरू करायला आलेला माणूस असतो, कारण शेतीची वीज काही वेळा रात्री येते. पहाटे बाहेर गेलेली बाई, सुटलेला बैल, आणि मोहाच्या दिवसांत अंधारातच मोहफुले वेचायला निघालेली माणसे असतात. यांतील एकही डुक्कर नाही, पण तुरीआडून हलताना सगळीच सारखी दिसतात.

मग करावे काय?

१) गळ्यातील दुर्बीण घ्यावी. तिच्यावर दोन आकडे असतात, जसे ७ × ५०. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाची मिलिमीटरमधील रुंदी. दुसऱ्याला पहिल्याने भागावे. ५० ला ७ ने भागले तर सुमारे ७ येतात. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते, म्हणून अशी दुर्बीण पहाटे व सांजेला चांगली दिसते. ८ × ४० चीही चालते. २० × ५० सारखे मोठे आकडे पाहून भुलू नये. तिच्यात अंधारात काळे दिसते आणि हात हलला की चित्र नाचते.

२) बॅटरी वेगळ्या माणसाच्या हाती असावी. आधी त्याने पूर्ण जनावर दाखवावे. डोके, पाठ, पाय दिसले पाहिजेत. नुसते चमकणारे डोळे किंवा हलणारी तूर म्हणजे जनावर नव्हे.

३) जागल एकट्याने करू नये. रोज सांजेला आजूबाजूच्या शेतांत कोण मुक्कामी आहे ते एकमेकांना सांगावे. आता तर घरोघरी फोन आहे. कोणाचा माळा कोणत्या धुऱ्यावर आहे ते सर्वांना माहीत असावे.

४) परवानगी हातात असेल तरच बार काढावा, आणि तो माळ्यावरून खाली जमिनीकडे काढावा, म्हणजे चुकलेला मार मातीत जातो. सपाट जमिनीवर आडवा बार काढू नये. पॉइंट बावीसची लहानशी गोळीही एक मैलाहून अधिक लांब जाऊ शकते. दगडावर किंवा पाण्यावर आपटून गोळी भलतीकडे वळते.

५) मळ्यावर चढताना, धुरा किंवा कुंपण ओलांडताना आणि गाडीवर बसताना काडतूस काढून घ्यावे. भरलेली बंदूक वर ओढून घेऊ नये.

दोन कागद, दोन कचेऱ्या

बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे जनावर मारण्याची परवानगी मिळाली, असा समज खेड्यात सर्रास आहे. तो चुकीचा आहे. बंदुकीचा परवाना हा एक कागद आहे आणि जनावर मारण्याची परवानगी हा दुसरा. ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमाखाली वनखात्याकडून मिळते. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या ठरावीक प्राण्यांबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. १ एप्रिल २०२३ पासून या कायद्याच्या याद्या नव्याने लागू झाल्या असून रानडुक्कर दुसऱ्या यादीत आहे. काळवीट आणि सांबर पहिल्या यादीत आहेत. पीक खाल्ले म्हणून त्यांना मारता येत नाही. अर्ज आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कचेरीत द्यावा आणि पोच घ्यावी.

जनावर अंगावर आले आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी ते मारावे लागले, तर तो गुन्हा होत नाही. मात्र परवानगीने मारलेले असो की जीव वाचवताना मारलेले असो, ते जनावर सरकारी मालमत्ता होते. त्याचे मांस वाटून घेणे हा वेगळा गुन्हा ठरतो. वनखात्याला लगेच कळवावे.

नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार द्यावी आणि पंचनामा होईपर्यंत उकरलेले पीक तसेच राहू द्यावे. सातबारा, बँकेचे पासबुक आणि मोडलेल्या पिकाचे फोटो तयार ठेवावेत. "एवढ्याशा पैशासाठी कोण हेलपाटे घालतो?" म्हणून पुष्कळ जण तक्रारच देत नाहीत. मग कागदावर त्या गावात नुकसान झालेलेच नसते आणि कुंपणाच्या योजनेत त्या गावाचा नंबर मागे पडतो.

कुंपणाविषयी एकच सांगतो. सौर कुंपणाचे यंत्र क्षणभराचा झटका देते आणि लगेच सोडते, म्हणून जनावर घाबरून मागे फिरते. खांबावरच्या तारेतून घेतलेली वीज धरून ठेवते आणि मारते. तिने डुक्कर मरते, वाघ मरतो आणि सकाळी पाणी द्यायला गेलेला आपला मुलगाही मरतो. ती वीज तारेत कधीही सोडू नये.

घरातील काळजी

हा भाग घरातील बायामाणसांनी मुद्दाम वाचावा, कारण बंदूक रात्री शेतात असली तरी दिवसभर घरात असते. घरी येताच ती रिकामी करण्याची सवय पुरुषांना लावावी. "रिकामी केली का?" हे रोज विचारण्यात अपमान नाही. बंदूक कुलपात ठेवावी, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. धान्याच्या कोठीमागे किंवा गादीखाली लपवलेली बंदूक मुलांना सर्वांत आधी सापडते.

दसऱ्याला आपण शस्त्रपूजा करतो. महालात भोसल्यांच्या वाड्यापासून खेड्यातल्या ओसरीपर्यंत ही रीत आहे. पाटावर बंदूक मांडण्याआधी ती उघडून नळ्या रिकाम्या आहेत हे दोघांनी पाहावे. पूजेच्या दिवशी घर पाहुण्यांनी आणि लहान मुलांनी भरलेले असते, आणि फोटो काढण्यासाठी जो तो बंदूक हातात घेतो. त्या दिवशी काडतुसे घराच्या दुसऱ्या टोकाला असावीत. घरात कोणाचे दारूचे व्यसन असेल, भांडणे होत असतील किंवा कोणी कर्जापायी खचून गेला असेल, तर काही दिवस बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात रीतसर जमा करून ठेवावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दुर्बीण, बैठक, कडी आणि जुळणी यांवर जो खर्च कराल, तेवढ्यात गळ्यातील एक बरी दुर्बीण आणि दोन चांगल्या बॅटऱ्या सहज येतात. तीन शेजाऱ्यांनी मिळून घेतल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच भार येतो. येत्या रब्बीत हरभरा घाटे धरण्याआधी एवढे करून घ्यावे. जागलीच्या पाळ्या लावाव्यात, वनखात्याकडे अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि घरच्या बंदुकीची मुदत केव्हा संपते ते परवाना उघडून पाहावे.